गिअर पडत नाहीं : दोष कोणाचा?



जुन्या मोटारीचा धनी मिस्त्र्याकडे जातो, तेव्हां त्याच्या तोंडीं बहुधा एकच वाक्य असतें : "गिअर पडत नाहीं." वाक्य खरें असतें, परंतु तें लक्षण झालें, निदान नव्हे. पोट दुखतें म्हणणाऱ्या रोग्याचें पोट उघडून पाहण्याची घाई कोणी शहाणा वैद्य करीत नाहीं. तो आधीं नाडी पाहतो, जीभ पाहतो, काल काय खाल्लें तें विचारतो. गिअरच्या तक्रारींत मात्र पेटी खोलण्याची घाई भलेभले करतात, आणि खोलल्यावर आंत सारें ठाकठीक असल्याचें पाहून चकित होतात. ह्याचें कारण असें कीं, गिअर न पडण्याचा दोष पुष्कळ वेळां गिअरपेटीचा नसतो, तो क्लचचा असतो; आणि क्लचचा असला तरी तो क्लचच्या पोटांत नसून, पेडलापासून क्लचपर्यंतच्या वाटेवर कोठें तरी दडून बसलेला असतो. तो तेथें आहे कीं नाहीं, हें हातांत पाना घेण्यापूर्वीं कसें ओळखावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं मी इंग्लंडांतील 'मिनी' ही लहान गाडी घेतों. ती आपल्या देशांत कधीं तयार झाली नाहीं. आपल्या ओळखीची जुनी छोटी गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट. तीच पुढें 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें २०२३ सालापर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर वावरली. मग घरची सोडून परकी गाडी कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मिनीच्या रचनेंत आहे. निदान चुकल्याबद्दल ही गाडी मालकाला जेवढा दंड करते, तेवढा दुसरी एखादी गाडी क्वचितच करीत असेल.

१९५६ सालीं सुवेझ कालव्याचा तंटा झाला, ब्रिटनमध्यें पेट्रोलचें रेशनिंग आलें, आणि थोडक्या पेट्रोलांत चालणाऱ्या गाडीची निकड ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनला भासूं लागली. अलेक इसिगोनिस ह्या अभियंत्यानें जी गाडी आंखली, ती २६ ऑगस्ट १९५९ रोजीं लोकांपुढें आली. लांबी अवघी १० फूट, चाकें १० इंचांचीं, आणि तरीही आंत चार माणसांची सोय. ही किमया साधण्यासाठीं इसिगोनिसनें इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनें न ठेवतां आडवें बसविलें, आणि गिअरपेटी इंजिनाच्या मागें न जोडतां त्याच्या बुडाशीं, तेलाच्या कुंडांतच, घातली. पुढच्या चाकांना गति देणारीं शेवटचीं दंतचक्रेंही तेथेंच. चाळींतल्या एका खोलींत तीन बिऱ्हाडें असावीं आणि नळ सर्वांना मिळून एकच असावा, तसा हा संसार आहे. इंजिन आणि गिअर एकच तेल पितात. लहानमोठे बदल होत होत ही गाडी २००० सालापर्यंत बनत राहिली, आणि तिची संख्या ५३ लाखांच्या वर गेली.

आतां दंडाची गोष्ट. क्लच ह्या खोलीबाहेर, इंजिनाच्या उजव्या टोकाला, स्वतंत्र झांकणाखालीं राहतो. त्यामुळें इंजिन जागच्या जागीं ठेवून क्लच काढतां-घालतां येतो. गिअरपेटी पाहावयाची झाली तर मात्र सबंध इंजिन साखळीनें उचलून गाडीबाहेर काढावें लागतें, आणि मग खाली-वर बसलेल्या त्या दोघांची फारकत करावी लागते. नेहमींच्या गाडींत इंजिन, त्यामागें क्लच आणि त्यामागें गिअरपेटी अशी रांग असते. तेथें क्लचला हात लावण्यासाठीं गिअरपेटी उतरवावीच लागते. दोहोंपैकीं गुन्हेगार कोण ह्याविषयीं चूक झाली, तरी वाट एकच असल्यामुळें श्रम फारसे वायां जात नाहींत. मिनींत पहिल्या पावलालाच दोन वाटा फुटतात. एक अर्ध्याएक दिवसाची, दुसरी कित्येक दिवसांची. चुकीची वाट धरून इंजिन खालीं उतरविलें आणि मग ध्यानांत आलें कीं दोष पेडलाच्या एका झिजलेल्या पिनेंत होता, अशी कथा मिनीच्या मालकांत नवी नाहीं.

परीक्षा समजण्यासाठीं क्लचचें काम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंजिनाच्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकाला एक जड चक्र असतें. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या शेजारीं त्याच्याच बरोबर फिरणारी दुसरी एक लोखंडी तबकडी असते. ह्या दोहोंच्या मध्यें, दोन तळहातांत भाकरी धरावी तशी, क्लचची प्लेट असते, आणि जोरदार स्प्रिंग ती घट्ट दाबून धरते. पाय पेडलावर नसतो तेव्हां तिघेंही एक होऊन फिरतात आणि इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत पोंचते. पेडल दाबलें कीं तळहात सुटतात, भाकरी मोकळी होते, आणि इंजिन चालू असूनही गिअरांकडे गति जात नाहीं. मिनींत ह्या प्लेटीला जोडलेलें जें दंतचक्र आहे, तें क्रँकशाफ्टच्या अंगावरच, अंगठीसारखें सैल बसविलेलें असतें. त्याला प्रायमरी गिअर म्हणतात. तें आपली गति एका मधल्या चक्राच्या द्वारें खालच्या गिअरपेटीला देतें. पेडल दाबलें असतां आंतला दांडा फिरत राहावा आणि त्याच्या अंगावरची ही अंगठी स्थिर व्हावी, अशी अपेक्षा असते. ही सैल अंगठी ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

क्लचकडून दोन प्रकारचे अपराध घडतात. एक, तो धरावयाचें तेव्हां धरीत नाहीं. दुसरा, सोडावयाचें तेव्हां सोडीत नाहीं. पहिल्याला क्लच घसरणें म्हणतात. तो ओळखणें सोपें. चढावर वरच्या गिअरमध्यें पाय दाबला कीं इंजिन ओरडतें, पण गाडी वेग घेत नाहीं, आणि थोड्या वेळानें जळकट वास येतो. प्लेट झिजली असेल, नाहीं तर तिच्यावर तेल आलें असेल. तेल येण्याची वाट म्हणजे प्रायमरी गिअरच्या मागची रबरी सील. क्लचच्या घराच्या तळाशीं तेल ठिबकून जाण्यासाठीं एक बारीक भोंक ठेवलेलें असतें आणि तें बुजूं नये म्हणून त्यांत एक दुमडती पिन लोंबत असते. त्या पिनेच्या टोकाशीं इंजिन-ऑईलचा थेंब सांपडला तर साक्षीदार मिळाला. ह्या पहिल्या अपराधाचा गिअर पडण्याशीं संबंध नाहीं, म्हणून त्याला येथेंच निरोप देऊं.

गिअर अडवून धरणारा अपराध दुसरा. क्लच पुरता सुटत नसला, म्हणजे पेडल तळाला टेकलेलें असूनही गिअरपेटींतलीं चक्रें इंजिनाबरोबर फिरतच राहतात, आणि फिरत्या दांत्यांत दांते घालूं जावें तर "कर्रर्र" असा आवाज करून तीं नकार देतात.

आतां परीक्षा. पहिली अगदीं फुकटची आहे. गाडी सपाटीवर उभी करावी, इंजिन बंद ठेवावें, आणि एकेक करून सर्व गिअर टाकून पाहावे. एखादे वेळीं दांत्यासमोर दांता येऊन गिअर अडतो. गाडी वीतभर पुढें ढकलली कीं तो पडतो, त्याचें कांहीं वाटूं देऊं नये. इंजिन बंद असतां सारे गिअर निमूटपणें पडतात आणि इंजिन चालू केलें कीं अडतात, असें झालें, तर संशय प्रथम क्लचवर घ्यावा. इंजिन बंद असतांही गिअर पडत नसेल, तर क्लच निर्दोष. दोष दांडा, त्याचे सांधे किंवा पेटींतले गिअर सरकविणारे कांटे ह्यांच्यांत आहे. एवढ्या एका प्रश्नानें अर्धा निवाडा होतो, आणि तरीही तो प्रश्न न विचारतांच कित्येक इंजिनें खालीं उतरतात, ह्याचें मला नवल वाटतें.

दुसऱ्या परीक्षेंत साक्षीदार म्हणून मागचा गिअर, म्हणजे रिव्हर्स, बोलवावा. पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश नांवाची सोय असते. पितळेसारख्या धातूचीं कडीं आधीं एकमेकांस घासून चक्रांचा वेग जुळवितात आणि मग दांते आंत शिरतात. ही सोय क्लचच्या लहानसहान खोड्या झांकून टाकते. रिव्हर्सला ती नसते. त्यामुळें तो खोटें बोलत नाहीं. इंजिन मंद चालू ठेवावें, पेडल पूर्ण दाबावें, मनांत पांच-सहा आंकडे मोजावे आणि मग रिव्हर्स टाकावा. पेडल दाबतांच गिअर टाकला तर थोडी खरखर निरोगी गाडींतही होते, कारण चक्रें आपल्या वेगाच्या भरांत क्षणभर फिरत असतात. तो चालकाचा उतावळेपणा. मात्र दहा आंकडे मोजल्यावरही कर्कश आवाज आला, तर क्लच सुटत नाहीं हें निश्चित समजावें. परीक्षा मोकळ्या जागींच करावी. न सुटलेल्या क्लचची गाडी गिअर पडतांच झेप घेऊं शकते. तिच्या पुढें किंवा मागें मूल, माणूस किंवा भिंत असतां कामा नये.

येथें एक खुलासा केला पाहिजे. १९६८ पूर्वींच्या मिनींत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश नव्हता. गाडी चालत असतां पहिला टाकला आणि तो ओरडला, तर तो रोग नव्हे, त्या काळच्या गाडीचा स्वभाव आहे. आपल्याकडचे जुने लॉरीवाले दोनदां क्लच मारून, मध्यें किंचित् रेस देऊन खालचा गिअर टाकीत. येथेंही तीच हातोटी लागते. तसेंच, सर्व गिअर सारखेच ओरडत असतील तर क्लच, आणि एकटा दुसरा किंवा तिसराच ओरडत असेल तर त्याचें कडें झिजलें आहे, असें समजण्यास हरकत नाहीं. क्लचला गिअरांमध्यें भेदभाव करतां येत नाहीं.

समजा, निवाडा क्लचच्या विरुद्ध गेला. म्हणून लागलीच क्लचचें झांकण खोलावें काय? नाहीं. मिनीचें पेडल क्लचला तेलाच्या दाबानें हलवितें. पेडलाशीं जोडलेला एक मास्टर सिलिंडर असतो, त्यांतलें ब्रेक-ऑईल नळींतून क्लचच्या घरावर बसविलेल्या दुसऱ्या लहान सिलिंडरांत जातें, आणि त्याचा दांडा एका तरफेला रेटतो. एका माणसानें पेडल सावकाश तळापर्यंत दाबावें आणि दुसऱ्यानें बॉनेट उघडून त्या लहान सिलिंडराचा दांडा किती सरकतो तें पट्टी धरून पाहावें. हें अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास भरलें पाहिजे. तें भरत नसेल तर क्लच बिचारा काय करील? त्याला सुटण्याचा हुकूमच पुरता पोंचलेला नाहीं.

हुकूम वाटेंत कोठें गळतो, तें पेडलच सांगतें. दोन-तीनदां भराभर पेडल मारल्यावर गिअर नीट पडूं लागला, तर नळींत हवा शिरली आहे. ती काढून टाकावी. सिग्नलला पेडल दाबून उभें असतां गाडी हळूहळू पुढें सरकूं लागली, तर मास्टर सिलिंडरांतले रबर दाब धरून ठेवीत नाहीं. तेल बाहेर न सांडतां आंतल्या आंत निसटतें, म्हणून टाकी भरलेली दिसते आणि माणूस फसतो. पेडलाच्या वरच्या अंगाला, गाडीच्या आंतून, हात फिरवून पाहावा. ओल लागली तर तोच सिलिंडर बाहेरही गळत आहे. लहान सिलिंडराची रबरी टोपी उचलून तेथेंही ओल पाहावी. ह्या टाकींत इंजिन-ऑईल कधींही घालूं नये. त्यानें रबर फुगतें आणि एका चमचाभर चुकीच्या तेलापायीं सारीं रबरें बदलावीं लागतात.

तेल आणि रबर ठीक असूनही अर्धा इंच भरत नसेल, तर पिना पाहाव्या. पेडल आणि मास्टर सिलिंडराचा दांडा जोडणारी पिन, लहान सिलिंडराकडची पिन, तरफेच्या मधल्या टेकूची पिन, आणि तरफेच्या टोकाचा गोळा, अशीं चार ठिकाणें वर्षानुवर्षें झिजत असतात. भोंक गोल असावयाचें तें लांबट होतें, पिन मध्यें पन्हळीसारखी खोल जाते. प्रत्येक ठिकाणीं थोडी थोडी चाल बुडते, आणि चौघांची बुडीत मिळून क्लच सुटेनासा होतो. पिना मुठींत मावतात आणि त्यांना दामही किरकोळ पडतात. ह्या गाडीच्या इतिहासांत त्यांच्यापायीं किती क्लच निष्कारण बदलले गेले असतील, कोण सांगणार?

ह्या झिजेवर कित्येक जण एक चोरटा उपाय योजतात. पिना न बदलतां दांडा लांब करतात, किंवा तरफेचा अडसर आंत फिरवून ठेवतात. गिअर लगेच पडूं लागतो आणि मालक खूष होतो. परंतु १९८२ पूर्वींच्या पद्धतीच्या क्लचमध्यें तरफ आणि तिचा अडसर ह्यांच्यामध्यें ०·०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर, फट राहिली पाहिजे असा नियम आहे. ही फट नाहींशी झाली म्हणजे पाय पेडलावर नसतांही क्लचचें बेअरिंग अखंड दाबाखालीं फिरत राहतें. १९८२ सालीं आलेल्या 'व्हर्टो' नांवाच्या नव्या क्लचला ही फट लावावी लागत नाहीं. म्हणून आपल्या गाडींत कोणता क्लच आहे हें आधीं पाहून घ्यावें.

ह्या सततच्या दाबाचा परिणाम क्लचपुरता थांबत नाहीं, आणि मला वाटतें सबंध विषयांतली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. क्लच दाबतांना आपण खरोखर क्रँकशाफ्टलाच आडवें ढकलीत असतों. तो डावीकडे सरकूं नये म्हणून इंजिनाच्या मधल्या बेअरिंगशीं अर्धचंद्राकार पातळ वॉशर बसविलेले असतात. सारा भार ते सोसतात. सिग्नल हिरवा होईपर्यंत क्लच दाबून बसण्याची संवय, पेडलावर पाय टेकवून गाडी हांकण्याची संवय, आणि वर सांगितलेला चोरटा उपाय, हे तिघे मिळून त्यांना खाऊन टाकतात. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकानें पेडल दाबावें-सोडावें आणि दुसऱ्यानें इंजिनाच्या डाव्या टोकाची पट्ट्याची पुली निरखावी. क्रँकशाफ्टला आडवी मोकळीक असते ती एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. ती डोळ्यांना दिसतच नाहीं. पुली प्रत्यक्ष ये-जा करतांना दिसली, तर पेडलाची चाल दांडा सरकविण्यांतच खर्च होत आहे, आणि वॉशर संपत आले आहेत. अशी गाडी तशीच चालविली तर वॉशर निखळून पडतात, आणि दांडा इंजिनाच्या मूळ ओतीव अंगाला घांसूं लागतो. मग प्रश्न गिअरचा राहत नाहीं, सबंध इंजिनाचा होतो. येथें मात्र इंजिन खालीं उतरविण्यांत दिरंगाई करूं नये.

पुली स्थिर आहे, दांडा अर्धा इंच सरकतो, पिना घट्ट आहेत, आणि तरीही रिव्हर्स ओरडतो. आतां क्लचचें झांकण खोलण्याचा अधिकार प्राप्त झाला. आंत बहुधा पुढीलपैकीं कांहीं तरी सांपडेल. प्लेट वांकडी झाली असेल. स्प्रिंगेचीं बोटें झिजलीं असतील. किंवा गाडी पावसाळाभर झांकून ठेवली असेल तर दमटपणानें प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली असेल. आणि नाहीं तर, ती सैल अंगठी! प्रायमरी गिअरला दांड्यावर पुढें-मागें ०·००३५ ते ०·००६५ इंच एवढी मोकळीक लागते. ती कमी असली, किंवा आंतलें बुश दांड्याला आंवळून बसलें, तर प्लेट कितीही मोकळी झाली तरी दांडा अंगठीला आपल्याबरोबर ओढीतच नेतो. नवी प्लेट, नवी स्प्रिंग घालूनही तक्रार जशीच्या तशी राहते, तेव्हां ही अंगठी आठवावी.

आवाजाविषयीं दोन शब्द. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते ती क्लचच्या बेअरिंगची. उलट, गाडी उभी असतां मंद चालीवर येणारी खडखड पेडल दाबतांच थांबत असेल, तर ती मधल्या चक्राची किंवा त्याच्या खालच्या बेअरिंगांची. तिच्यासाठीं क्लच बदलून कांहीं लाभ नाहीं.

पडलेला गिअर आपोआप निसटतो, ही तक्रार निराळी. पेटींत गिअर जागीं धरून ठेवणाऱ्या गोळ्या आणि स्प्रिंगा असतात, त्या थकल्या म्हणजे तसें होतें खरें. परंतु आधीं इंजिनाला वरून आवरून धरणारी आडवी सळई पाहावी. तिचीं रबरी बुशें तेलानें आणि वयानें पिचतात, मग पाय दाबतां-सोडतां इंजिन पाळण्यासारखें हेलकावे खातें, आणि तळाशीं असलेली गिअरपेटी त्याच्याबरोबर डोलते. गाडी उठतांना थरथरते, गिअर निसटतो, आणि खापर क्लचवर फुटतें. १९७३ च्या सुमारास आलेल्या नव्या पद्धतीच्या दांड्याचे सांधे तर गाडीच्या पोटाखालीं उघडेच असतात; तेथील पोकळ पिन तुटली किंवा ढिली झाली, तर दांडा हातांत हलतो, पण गिअर जागचा हलत नाहीं. आपल्या पद्मिनींतही गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असून त्याचा निरोप लांबच्या सांध्यांतून पेटीला पोंचतो. तेथेंही पेटी खोलण्यापूर्वीं सांधे पाहावे हेंच शहाणपणाचें.

पेटीवर खरोखरच संशय येऊन ठेपला, तरी इंजिन उचलण्यापूर्वीं तेल काढून पाहावें. तेल सोडण्याच्या बोल्टाला लोहचुंबक असतो. त्यावर राखेसारखी करडी बुरशी जमलेली असली तर तें नेहमींचें; नखानें उचलतां येईल असा चुरा किंवा दांत्याचा टवका निघाला, तर पेटी उघडावीच लागेल. नळ एकच असल्यामुळें तो चुरा इंजिनाच्या बेअरिंगांकडेही जात असतो, म्हणून हें काम पुढच्या महिन्यावर टाकूं नये.

क्लचच बाहेर काढावयाचा ठरला असेल, तर हें काम प्रथमच करणाऱ्यानें दोन गोष्टी पाळाव्या. फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेलें असतें. तें खास पुलरनेंच निघतें, आणि निघतांना बंदुकीसारखा आवाज करून सुटतें. त्याचा मधला बोल्ट ढिला करून चार आटे तसाच ठेवावा, म्हणजे तें अंगावर येत नाहीं. आणि पुलर लावण्यापूर्वीं क्रँकशाफ्ट फिरवून त्याच्या टोकाची खांच आडवी आणावी. प्रायमरी गिअरला अडवून धरणारी इंग्रजी 'सी' अक्षरासारखी एक चकती आंत असते. खांच उभी राहिली तर ती खालीं घसरून फ्लायव्हीलच्या मागें अडकते, आणि मग फ्लायव्हील धड बाहेरही येत नाहीं आणि धड जागेवरही बसत नाहीं.